सरवा

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांग. तू श्रीरामपूरकडची, लग्न होऊन नेरूळला आलीस, सासर मंगळूरचं. ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला, तुमच्या घरी 'नवं' असतं. चर्चमधून आशीर्वाद दिलेल्या भाताच्या लोंब्या येतात. सासरे दाणे सोलतात, ते कुटून दुधात घालतात, घोटघोट सगळ्यांना मिळतं. मग केळीच्या पानावर शाकाहारी जेवण. प्रार्थना कोंकणीत, गाणी कोंकणीत. तू पानं पुसतेस, भाज्या वाढतेस, तुझा घोट पितेस. "आणि मावशी, मला आतून काहीच होत नाही. चार वर्षं झाली. या दिवसाचा माझ्यापुरता अर्थ कसा शोधू? आणि शोधायलाच हवा का?"

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकते. शोधायलाच हवा असं काही नाही. ८ सप्टेंबरला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलंच पाहिजे असं बंधनसुद्धा नाही, मग काहीतरी वाटलंच पाहिजे हे बंधन तू कुठून आणलंस? मी ठाण्यात एकतीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं आणि गेली अठरा वर्षं मोठ्या माणसांना प्रार्थनेत सोबत करते. रिट्रीटच्या, म्हणजे एकांतातल्या प्रार्थनेच्या, दिवसांत रोज तासभर समोरच्याचं ऐकायचं, कमीत कमी बोलायचं, असं ते काम. त्यात एक पाहिलंय. ज्यांना काही वाटत नाही ते निदान खोटं बोलत नसतात. ज्यांना दर सणाला भरून येतं, त्यांचंच मला जरा जपून ऐकावं लागतं.

तरीही तू विचारलं आहेस, म्हणजे कुठेतरी खुपतंय. तर बसू या जरा.

हा सण बायबलमध्ये नाही. मरियेचा जन्म कुठे झाला, कसा झाला, चारही शुभवर्तमानांत एक ओळ नाही. तिचे आईवडील योआकीम आणि अन्ना, ही नावं दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणातून आली. त्याला चर्चने पवित्र शास्त्रात जागा दिली नाही, पण त्यातली माणसं लोकांनी ठेवून घेतली. जेरुसलेमला बेथेस्दाच्या तळ्यापाशी मरियेच्या नावाचं एक जुनं चर्च होतं, सणाची मुळं तिथली. सातव्या शतकाच्या अखेरीस सर्जियस पोप होते, घराणं मूळचं सिरियाकडचं, त्यांनी रोममध्ये या दिवशी मिरवणूक ठरवून दिली. म्हणजे हा सण वरून खाली आलेला नाही. लोकांनी आधी धरला, मग रोमने. मंगळूरकडे याच सणाला मोंती फेस्त म्हणतात, त्याचंही तेच. हे नाव फरंगीपेठच्या मॉन्ते मारियानो चर्चवरून पडलं असं सांगतात. नवं भात घरात आणायची पद्धत त्या मातीत कितीतरी जुनी, तिला मरियेचा दिवस मिळाला. आणि तुला गंमत सांगते, आम्हा ईस्ट इंडियन लोकांत, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत, ८ सप्टेंबरला नवं नसतंच. आमचा नव्या पिकाचा सण आगेरा, तो ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. दुधातले दाणे मी पहिल्यांदा चाखले ते शेजारच्या मंगळुरी बाईंच्या घरी, वयाच्या चाळिशीत. तेव्हा मीही तुझ्यासारखीच पाहुणी होते.

आता या दिवसातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट. चर्चच्या वर्षात संतांचे जे दिवस येतात ते बहुतेक त्यांच्या मरणाचे. मरण म्हणजे स्वर्गातला जन्म, असा हिशेब. पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो फक्त तिघांचा: येशूचा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आणि मरियेचा. (आमचं मासुंदा तलावाजवळचं जुनं चर्च या योहानाच्या नावाचं आहे. वर्गात मुलांना हे सांगितलं की तीन बोटं वर करून ती उरलेली दोन नावं ओरडायची.) या तिघांतही मरियेची गोष्ट वेगळी. येशूच्या जन्मात देवदूत गातात. योहानाच्या जन्मात बापाची गेलेली वाचा परत येते. मरियेच्या जन्मात काय होतं? काही नाही. एक मुलगी झाली. तिने अजून देवदूताला 'हो' म्हटलेलं नाही, कुणाला मदत केलेली नाही, क्रूसाखाली उभी राहिलेली नाही. जिने अजून काहीच केलं नाही तिचा हा सण.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऑगस्ट-सप्टेंबर मी पलंगावर होते. आयुष्यभर वर्ग, घर, आजारी सासरे, चर्चची फुलं, कुठेही मी नसले तर अडायचं. त्या वर्षी अडलं नाही. नोव्हेनाला, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, पोरं फुलं घेऊन चालली होती, खिडकीतून त्यांचा गलका यायचा, आणि मी रागाने भिंतीकडे तोंड करून पडायचे. आठव्या दिवशी की नवव्या, आठवत नाही, एकदम लक्षात आलं की ही पोरं ज्या बाळाला फुलं वाहतायत त्या बाळानेही काहीच केलेलं नाही. मी हसले. इतकंच झालं. पुढे कितीतरी दिवस त्या हसण्यावर मी जगले.

पण हा माझा अर्थ. तुला तो उपयोगी पडेल असं मला वाटत नाही. तुझी अडचण निराळी आहे. घरातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांची आहे, भाषा दुसऱ्यांची, भातही दुसऱ्यांच्या गावचा, आणि तुला वाढायला उभं केलंय.

म्हणून त्या दिवशीचं शुभवर्तमान बघ. मत्तयचा पहिला अध्याय. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावांची रांग, चौदा-चौदा-चौदा पिढ्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. फादरांना ही रांग गाळून थेट योसेफाच्या स्वप्नापासून वाचायची मुभा आहे, आणि सकाळच्या मिस्सेला लोकांना आठ-बाराची लोकल असते, त्यामुळे बरेच जण ती मुभा घेतात. मला ते आवडत नाही. सगळा माल त्या रांगेतच आहे. पुरुषांच्या त्या रांगेत मरियेच्या आधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. सारा नाही, रिबेका नाही, ज्या सगळ्यांना चालल्या असत्या त्या कुणी नाहीत. आल्या त्या चौघींच्या मागे काही ना काही कुजबुज आहे. आणि रूथ तर मवाबी, शत्रूच्या मुलखातली, लग्न करून आलेली.

रूथची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी सांगितली गेली असेल. लग्नाच्या प्रवचनात ती आज्ञाधारक सून म्हणून येते: "तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव." हे वाक्य सुनांच्या डोक्यावर फार आपटलं गेलंय. मी तसं करणार नाही. मूळ गोष्ट वाच. रूथचा नवरा मेलेला, दिराचंही तेच, सासू नामी सांगतेय, बाई, आपल्या माहेरी परत जा. रूथवर कुणाची सक्ती नाही. उलट सासू दोनदा-तीनदा परत पाठवतेय. ती स्वतः ठरवून येते. आणि बेथलेहेमला पोचल्यावर नामी काय म्हणते? मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं. सून शेजारी उभी असताना म्हणते हे. रूथने तेव्हा काय तोंड केलं असेल, याचा विचार करत मी एकदा सबंध प्रार्थनेचा तास घालवला आहे.

मग सातूची कापणी सुरू होते आणि रूथ म्हणते, मी शेतात जाऊन सरवा वेचते.

सरवा. हा शब्द मी शहरातल्या वर्गात उच्चारला की पोरं बघत राहतात. तुला सांगायची गरज नाही. तुमच्याकडे भुईमूग काढून झाला की बायका-पोरं मागे राहिलेल्या शेंगा वेचत फिरतात, तोच. कापणी करणाऱ्यांच्या मागून जायचं, त्यांच्या हातून सुटलेलं उचलायचं. पण इथे एक गोष्ट आहे जी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. इस्राएलात सरवा ही मेहेरबानी नव्हती. कायदा होता. बायबलच्या लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत स्पष्ट लिहिलंय: शेताच्या कडा पुऱ्या कापू नका, विसरलेली पेंढी घ्यायला मागे फिरू नका, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. शेताचा तो भाग मालकाचा नव्हताच. रूथ तिथे वाकते ती तिच्या हक्काच्या जागेवर.

तुझ्या सासरच्या सणाला मी असं बघते. पीक त्यांचं आहे. कोंकणी गाणी, मोंतीच्या आठवणी, आजोबांनी बसवलेली पद्धत, पानावर भाज्या विषम संख्येतच हव्यात हा आग्रह. ते सगळं तुला आपलं वाटायलाच हवं, असं मला वाटत नाही. पण त्या शेताची कड तुझी आहे. सगळ्यांची कापणी झाली, फोटो निघाले, पाहुणे गेले, की मागून जायचं आणि काय सांडलंय ते बघायचं. तू आजवर कापणीच्या वेळी अर्थ शोधत होतीस, हातात वाढप असताना. तेव्हा कुणालाच काही मिळत नाही. मलासुद्धा नाताळच्या रात्री काही मिळत नाही. मला मिळतं ते २६ तारखेला भांडी घासताना.

कसं करायचं ते सांगते. फार नाही.

रात्री सगळं आवरल्यावर पंधरा मिनिटं घे. स्वयंपाकघरातच बस, देव्हाऱ्यासमोरच बसायला हवं असं नाही. दिवस मागे फिरवून बघ, वर्गात शिकवतो तसा मोठा आत्मपरीक्षणाचा पाढा नको. फक्त एवढं बघ की आज कुठे क्षणभर थांबावंसं वाटलं. दाणे कुटल्याचा वास असेल, सासऱ्यांचा थरथरणारा हात असेल, कोंकणी गाण्यातली एखादी ओळ जी कळली नाही पण चाल आवडली. मिळालं की तिथेच थांब. पुढे जायची घाई करू नकोस. जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियसने आपल्या प्रार्थना-साधनेच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की पुष्कळ जाणून आत्मा तृप्त होत नाही, गोष्टी आतून चाखल्याने होतो. चाखणं हाच शब्द आहे त्याचा. आणि तुझ्या सणात तर खरोखरच चाखायला देतात, त्यामुळे तुझं अर्धं काम झालेलं आहे. दूध प्यायच्या वेळी वाटी एका दमात रिकामी करू नकोस. एक दाणा दाताखाली येऊ दे.

तो दाणा कुठला, हेही एकदा विचार. सासूबाईंना विचार, की लोंब्या कुठून येतात. मंगळूरकडे परदेशातल्या मुलांना पत्राच्या पाकिटातून दाणे पाठवायची रीत आहे. नव्या मुंबईत तर रातोरात बसने येतात. मी ठाण्याची, मला यात एक जास्तीचा दाणा दिसतो. तुझं नेरूळ हेही भातखाचरांचं गाव होतं. १९७०मध्ये सिडको, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, ठाणे, पनवेल आणि उरण मिळून ९५ गावांची जमीन घेतली गेली, त्यात भात होतं आणि मिठागरं होती. १९८४च्या जानेवारीत त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण गेले. आता तिथे कर्नाटकातून आलेल्या भाताला आपण आशीर्वाद देतो. हे वाईट आहे असं म्हणत नाही. माझ्या वडिलांचं खाचरही घोडबंदर रस्त्याच्या कडेला होतं, तिथे आज बावीस मजले आहेत आणि पैसे आम्हीच घेतले. पण घोट घ्यायच्या आधी, ज्या जमिनीवर तुझी इमारत उभी आहे तिथे कापणी करणाऱ्या बायकांची आठवण काढायला एक श्वास पुरतो. नव्याची प्रार्थना जमिनीशिवाय करू नये असं मला वाटतं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. तू सगळं कोरडं कोरडं लिहिलंस, यादी केल्यासारखं. आणि मध्येच, कंसात, "(लहानपणी आम्ही हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचो, आजी टेम्पोत पुढे बसायची)". आणि लगेच पुन्हा यादी सुरू. अठरा वर्षं ऐकण्याचं काम केल्यावर एक सवय लागते: माणूस ज्यासाठी आलाय ते तो क्वचितच मधोमध ठेवतो. तुझ्या अख्ख्या पत्रात ओलं वाक्य ते एकच आहे. हरेगावची मतमाउली म्हणजे मरियाच, तोच सप्टेंबर. तुझ्याकडे हा सण नव्हता असं नाहीच. तो होता, फक्त त्यात भात नव्हतं. बाजरी होती. त्या दिवसांत तुमच्याकडे बाजरी निसवलेली असते, कणसं भाजून निंबूर खातात. खाल्लं असशील तू यात्रेला जाता-येता, आजीच्या पदरातून.

रूथला दुपारच्या जेवणाला त्या शेताचा मालक बवाज काय देतो, वाचलंस का कधी? भाजलेले दाणे. ती पोटभर खाते आणि उरलेले बांधून ठेवते. संध्याकाळपर्यंत सरवा वेचते, झोडपून बघते तर एफाभर सातू निघतात, आजच्या मापात सुमारे २२ लिटर. एवढं सरव्यात मिळत नसतं. बवाजने गड्यांना सांगितलेलं असतं की मुद्दाम थोडं टाकत चला, तिला रागावू नका. हे तिला ठाऊक नसावं. तिला वाटत असेल आपण वेचलं. आणि घरी गेल्यावर ती ते भाजलेले उरलेले दाणे सासूच्या हातावर ठेवते.

तर यंदा माहेरहून मूठभर बाजरी मागव. सासूबाईंना विचार, की दुधात नाही, पण पानावर कडेला चार दाणे ठेवले तर चालेल का. स्वयंपाकघर त्यांचं आहे, त्या नको म्हणाल्या तर वाद घालू नकोस. रात्री तुझ्या पंधरा मिनिटांत ती बाजरी तुझ्या ओंजळीत असू दे. पण मला वाटतं त्या हो म्हणतील. त्यासुद्धा कधीतरी कुठल्यातरी गावाहून मुंबईत आल्या असतील, आणि त्यांच्या सासूने त्यांना काय वाढायला लावलं हे तुला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दोन गोष्टींबद्दल सावध करते. एक, त्या घरात तू दुःखी असशील, तुला कुणी टोचून बोलत असेल, तर ते मरियेच्या सणाने झाकू नकोस. ते वेगळं दुखणं आहे, त्यासाठी नवऱ्याशी बोल, नाहीतर माझ्याकडे ये, गाडी ठाण्यापर्यंत थेट आहे. अध्यात्माच्या नावाखाली बायकांनी किती गिळलंय हे मी पाहिलंय, आणि त्यात आम्हा शिकवणाऱ्यांचाही वाटा आहे. दुसरी, यंदाही काही वाटलं नाही तर लगेच काही मोडू नकोस. मन कोरडं असताना आधीचे निर्णय बदलू नयेत, हा इग्नेशियसचाच नियम, आणि मला तो प्रत्येक वेळी खरा वाटलाय. पानं पुस, दूध पी, पुढच्या वर्षी बघू.

नोव्हेना ३० ऑगस्टला सुरू होते आणि ७ सप्टेंबरला संपते. तुझ्या शिफ्टमुळे रोज चर्चला जमणार नाही हे तू लिहिलंसच. तेव्हा रोज एक नाव घे. मत्तयने पुरुषांची रांग लावली, तू बायकांची लाव. तू, तुझी आई, आजी, पणजी. मग दुसरी बाजू: सासूबाई, त्यांची आई, सासऱ्यांची आई. बहुतेक जणींची गाडी पणजीपाशी अडते. वर्गात हा गृहपाठ दिला की मुलं पणजोबाचं नाव आणायची, पणजीचं नाही. ज्या दिवशी नाव सापडणार नाही त्या दिवशी तेवढंच म्हण, की हिचं नाव मला माहीत नाही. मरियेच्या आईचं नावही आपल्याला बायबलमधून कुठे मिळालंय?

सुरुवात टेम्पोत पुढे बसणाऱ्या आजीपासून कर. तिच्या आईचं नाव काय होतं, ते आजच आईला फोन करून विचार. तिला आठवलं नाही तर मामाला.